कोळशातून गाळलेले स्पिरिट

कर्जतच्या आमच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात मागच्या दोन बाकांवरून सकाळी पेरूच्या पानांचा वास येत असे. त्या वासाचा अर्थ लागायला मला जवळजवळ सहा महिने लागले. खालापूरच्या वाटेवरच्या गावांतून चालत येणारी काही मुले वाटेत कुणाच्या तरी मडक्यातली ताडी पीत आणि शाळेचे फाटक येण्यापूर्वी पेरूची पाने चावून थुंकून टाकीत. शिक्षकांना हे ठाऊक होते, असे आज मला वाटते. पण शेतकरी घरांत सणावाराला मोहाची दारू घेणे हा दोष मानला जात नव्हता, आणि आमच्यासारख्या नोकरदार घरांत त्या शब्दाचा उच्चारही होत नव्हता. एकीकडे बोलण्याची गरज नव्हती, दुसरीकडे बोलण्याची सोय नव्हती. त्यामुळे शाळेत या विषयावर कोणी कधी बोललेच नाही.

मीही बोलले नसते. मागच्या बाकांवरच्या मुलांशी मला कर्तव्य नव्हते. माझे सारे लक्ष पहिल्या बाकावरच्या एका मुलाकडे होते, आणि त्याचे कारण शक्य तितके स्वच्छ शब्दांत सांगायचे तर मत्सर हे होते.

तो पळसदरीच्या पुढच्या एका गावातला, भातशेती करणाऱ्या घरातला. गणितात मी त्याच्या पुढे असे. शास्त्रात तो माझ्या पुढे असे. दोन-तीन गुणांनी, पण दर वेळी. गुणांचा फरक अभ्यासाने भरून काढता येतो. त्याच्या हातांचे मात्र मला काही करता येईना. स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी वाकवताना माझी नळी कोपऱ्यात चपटी होई. त्याची मात्र वेलीसारखी गोल वळे. तो ती डोळ्यांसमोर धरून उजेडात पाही आणि रॅकमध्ये ठेवून देई. त्याने एकदा जरी फुशारकी मारली असती, तर माझे काम सोपे झाले असते.

शास्त्राचे सर पुण्याहून आलेले होते. प्रयोगशाळा म्हणजे कौलारू इमारतीच्या टोकाची एक खोली, पण तिची किल्ली त्यांनी त्या मुलाच्या हवाली केली होती. शाळा सुटल्यावर तो तासभर तिथे एकटा काम करी. मी किल्ली मागितली तेव्हा सर म्हणाले, "अगं, शाळा सुटल्यावर मुलीनं थांबायचं म्हणजे उद्या तुझे वडीलच मला विचारतील. तू असं कर, काचसामान धुण्याचं काम घे. तुझ्या हातून फुटत नाही." वर्गात आम्ही दोघीच मुली होतो आणि दुसरी बहुधा गैरहजर असे. म्हणून मधल्या सुट्टीत मी एकटी नळावर बसून त्याने वापरलेली उपकरणे घासू लागले. त्याच्या प्रयोगाचा प्रत्येक अवशेष माझ्या हातांखालून जाई. हे काम अपमान म्हणून मी स्वीकारले आणि हेर म्हणून केले.

शिमग्याला चार दिवस उरले असताना एका नरसाळ्यात मला गाळणकागद चिकटलेला सापडला. कागदात दगडी खलात कुटलेल्या लाकडी कोळशाची पूड होती. पुडीच्या वर, कागदाच्या कोरड्या कडेला एक बारीक जांभळा वळसा उमटला होता. आमच्याकडे जांभळी गोष्ट एकच होती: दिव्यांत जाळण्याचे स्पिरिट. कोणी पिऊ नये म्हणून त्यात रंग मिसळलेला असतो, एवढे सरांनी वर्गात ओझरते सांगितले होते. कोळसा रंग शोषून घेतो, हेही त्याच महिन्यात शिकवले होते. या दोन वाक्यांना जोडण्याचे काम सरांनी केले नव्हते, मीही केले नव्हते. ते त्याने केले होते.

शोधाशोध केल्यावर चुन्याच्या निवळीच्या बरणीमागे मला एक बाटली मिळाली. खोकल्याच्या औषधाची, बुचाची, आणि आत पाण्यासारखा निवळ द्रव. चिनी मातीच्या बशीत त्याचे चार थेंब घेऊन मी काडी लावली. निळी, जवळजवळ न दिसणारी ज्योत उठली आणि मागे काही न ठेवता विझली.

त्या क्षणी मला जे वाटले, ते भय नव्हते. शाळेतला विद्यार्थी शाळेचे स्पिरिट पिण्यासाठी गाळतो आहे याचा धक्का नव्हता, की कळवळाही नव्हता. मला वाटले, किती नेटकी कल्पना आहे ही, आणि ती मला का सुचली नाही? मी बशी धुतली, पुसली, जागेवर ठेवली, आणि उरलेला दिवस त्या एकाच प्रश्नाने जळत राहिले.

दारूच का, याचा उलगडा मागच्या बाकांवरच्या बोलण्यातून झाला. त्या वर्षी अबकारीच्या शिपायांनी डोंगरकडेच्या भट्ट्या मोडल्या होत्या आणि मोहाची मिळेनाशी झाली होती. त्यांच्या गावात रीत अशी होती की मिसरूड फुटलेल्या मुलाने शिमग्याला पहिल्यांदा बरोबरीच्या पोरांच्या बैठकीत बसायचे, तर बाटली त्यानेच आणायची. शाळेत जाणारा म्हणून त्याला गावात हिणवले जात होते. "त्यो कसली आणतोय? शाईची दौत आणंल," असे एक जण म्हणाला आणि सगळा बाक हसला होता. त्याचे उत्तर चुन्याच्या निवळीच्या मागे तयार होत होते.

घरी आल्यावर मी पुस्तक उघडले. शाळेच्या ग्रंथालयात रसायनशास्त्राचे एकच मोठे इंग्रजी पुस्तक होते, आणि गेले पाच आठवडे ते माझ्या घरी होते. दर शनिवारी मी ते परत नेई आणि त्याच टेबलावर पुन्हा माझ्या नावावर लिहून घेई. मला ते सगळे वाचायचे होते हे खरे, पण पहिल्या दोन आठवड्यांत मी हवे ते वाचून संपवले होते. पुढचे तीन आठवडे ते आमच्या भिसेगावच्या घरात फडताळावर पडून होते, ते त्याच्या हाती जाऊ नये एवढ्याचसाठी.

अल्कोहोलच्या प्रकरणात हवे ते वाक्य सापडले. दिव्याचे स्पिरिट पिण्यास निरुपयोगी व्हावे म्हणून त्यात लाकडापासून काढलेले स्पिरिट मिसळतात. ते विष आहे. थोड्याशा मात्रेनेही दृष्टी जाते, अधिक झाल्यास प्राण. ते बिनरंगी असते. म्हणजे रंग ही फक्त पाटी होती. त्याने पाटी पुसली होती आणि विष होते तिथेच होते. ज्योतीने काही कळणार नव्हते, कारण दोन्ही स्पिरिटे निळीच जळतात. त्याचे तर्कशास्त्र शुद्ध होते. त्याच्याजवळ एक पान कमी होते, आणि ते पान माझ्याजवळ होते.

यानंतर मी काय केले, ते लपवण्यात अर्थ नाही. मी दोन दिवस काहीच केले नाही. शिमग्याला अवकाश आहे, बाटली जागेवर आहे, रोज मधल्या सुट्टीत मी ती पाहते आहे, तेव्हा धोका आज नाही, असा हिशेब मी मांडला. दुसरा हिशेब त्याच्या खाली होता. त्याला स्वतःला सावध केले, तर तो बाटली ओतून टाकील, माझे आभार मानील आणि किल्ली त्याच्याकडेच राहील. सरांना सांगितले, तर किल्ली जाईल. मी दोन्ही बाजू तपासल्या आणि होळीच्या आदल्या दिवशी सरांकडे गेले.

सरांनी ऐकून घेतले. मग ते स्वतः उठले, बरणी सरकवली. मागे काही नव्हते. बाटली त्याच सकाळी गेली होती.

"पुरावा?" त्यांनी विचारले.

"गाळणकागद होता, सर. जांभळी कड होती."

"कुठं आहे?"

तो मी धुऊन टाकला होता. काचसामान स्वच्छ ठेवण्यात माझी ख्याती होती.

सर खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "तो मुलगा रोज चार कोस चालतो. तुला त्याच्यावर मात करायची आहे, ती परीक्षेत कर. तुझ्या बोलण्यात आज मला शास्त्र कमी दिसतं आणि असूया जास्त दिसते."

मी सत्य सांगत होते आणि त्यांचे निदानही सत्य होते. त्यांची चूक एवढीच झाली की एक खरे असेल तर दुसरे खोटे असणारच, असे त्यांनी धरले. पण त्यांना ते दाखवून देण्याइतके धैर्य माझ्या अंगी नव्हते. मी "जी" म्हणून बाहेर आले.

बाटली जागेवरून हलली होती. म्हणजे आता अवकाश उरला नव्हता.

होळीच्या दिवशी शाळा दुपारीच सुटली. तो आणि त्याच्या गावचे दोन सोबती खोपोलीच्या फाट्याच्या रुळांकडेने घरी जात, हे मला माहीत होते. वडील रेल्वेत असल्याने त्या बाजूला माझे जाणे-येणे होते. पुस्तक पदराखाली धरून मी आडवाटेने पुढे गेले आणि एका आंब्याखाली उभी राहिले. ते तिघे येताना दिसले. त्यांतला एक उंच, दात पुढे असलेला, मागच्या बाकावरचा सर्वांत मोठा वाचाळ होता. त्याने मला आधी पाहिले.

"अरं, बग रं! मास्तरीणबाय शाळा सुटल्यावर पन हजरी घ्याया आल्या."

"हाजिर!" दुसऱ्याने हात वर केला.

त्या दोघांकडे न बघता मी त्याच्याकडे पाहून म्हणाले, "मला तुमच्याशी बोलायचं आहे. एकट्याशी."

"जा रं जा," वाचाळ म्हणाला, "गणितात काय चुकलं आसंल बायचं."

तो पुढे आला नाही. तिघांत उभा राहूनच त्याने विचारले, "काय झालं?"

"बाटलीतलं पिऊ नका."

मग वाचाळच म्हणाला, "कसली बाटली? आमी त तुळशीला पानी नेतोय."

"तू गप रं," तो त्याला म्हणाला, आणि मला म्हणाला, "गाळलंय मी. कोळसा दोन वेळा घातला. रंग नाय ऱ्हायला."

"रंग म्हणजे विष नव्हे."

"पेटवून बगितलं. निळी जळली. आमच्या घरी पहिल्या धारेची अशीच बगत्यात. चुलीत टाकायची, निळा भडका झाला का चोख."

"मोहाची दारू तशी तपासता येते, कारण तिच्यात खोट असली तर ती पाण्याची असते. या स्पिरिटात खोट घातली आहे ती लाकडाच्या स्पिरिटाची. तेही निळंच जळतं. कोळसा त्याला धरत नाही. त्यानं डोळे जातात."

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मी शंका पाहिली; आणि मला शरमेने नोंदवले पाहिजे की ती पाहून मला सुख झाले.

"कुठं लिवलंय?"

मी पुस्तक पुढे केले. त्याने रुळाशेजारच्या खडीवर उकिडवे बसून, ओळीखाली बोट धरून ते पान वाचले. इंग्रजी त्याला हळू वाचता येई, पण कळे पूर्ण. वाचून झाल्यावर त्याने पुस्तक मिटले, उलटे केले आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतला नोंदीचा कागद उघडला. त्याच्यावर एकाखाली एक माझ्याच सहीच्या ओळी होत्या.

"पाच हप्ते तुमच्याकडं व्हतं?"

"हो."

"मी दोनदा मागितलं. बाहेर गेलंय म्हणाले."

"मी मुद्दाम ठेवलं होतं."

त्याने पुठ्ठा मिटला. रागावला असता तर मला उत्तर देता आले असते. "आनि ह्ये कधी कळलं तुमाला? बाटलीचं?"

"चार दिवस झाले. काल सरांना सांगितलं."

"सरांना," तो म्हणाला. "मला नाय."

एवढेच. मग तो उठला, पिशवीतून बाटली काढली, बूच उपटले आणि खडीवर उपडी केली. द्रव उन्हात दगडांवरून बघता बघता उडून गेला.

"आरं आरं!" दुसरा ओरडला. पण वाचाळ हसला नाही. त्याने बाटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि एकदम लहान मुलासारख्या आवाजात म्हणाला, "मी सकाळलाच चाखली ना गं बाय."

"किती?"

"दोन-तीन घोट. येताना. घरी घावंल म्हून यानं संगं आनली व्हती, आनि पिशवी माझ्याकडं व्हती तवा. मला त अजून काय झालं नाय. चांगली लागली."

तो त्याच्यावर धावला. "तुला सांगितलं व्हतं ना, उद्या! उद्या मंजी उद्या!"

"अरं, शिमगा हाय म्हून..."

मी म्हणाले, "याला आत्ताच्या आत्ता रेल्वेच्या दवाखान्यात न्या. अजून काही झालं नाही म्हणून थांबू नका. आणि डॉक्टरांना खरं सांगा, काय प्यायला ते. नाव सांगा: मेथिलेटेड स्पिरिट." त्याने पुस्तक घेतले, वाचाळाचा दंड धरला, आणि ते तिघे आल्या वाटेने कर्जतकडे परत फिरले. मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नव्हते. सावली लांबेपर्यंत मी आंब्याखाली थांबले आणि मग वेगळ्या वाटेने घरी गेले. आईने होळीच्या पुरणासाठी वेलदोडे कुटायला दिले. मी ते कुटले.

डॉक्टरांनी वाचाळाला सोडा पाजला, ओकाऱ्या काढवल्या आणि तीन दिवस ठेवून घेतले. प्राणावरचे टळले. पण धुळवडीच्या सकाळी तो उठला तो, 'बाहेर धुकं पडलंय का?' असे विचारीत. ते धुके त्याच्यापुरतेच होते. हळूहळू ते विरळ झाले, माणसे ओळखू येऊ लागली. छापील अक्षर मात्र त्याला लागेना. त्या वर्षी तो मॅट्रिकला बसला नाही.

मी चार दिवस आधी बोलले असते, तर तो बसला असता. या वाक्यात मला कुठेही पळवाट सापडलेली नाही, आणि पळवाटा शोधण्यात मी वाईट नाही.

शाळेत मोठी चौकशी झाली. किल्ली काढून घेतली गेली आणि ती कुणालाच मिळाली नाही. परीक्षेपर्यंत प्रयोगशाळेला कुलूप राहिले. स्पिरिट गाळणाऱ्या त्या मुलाने सगळा दोष आपल्यावर घेतला. पण पुढे काय झाले, ते मी अपेक्षिले नव्हते. बाटली वेळेवर ओतून टाकणारा आणि सोबत्याला दवाखान्यात पोचवणारा तोच, हे गावाला कळले. मुख्याध्यापकांनी त्याला छड्या मारल्या, आणि त्याच बैठकीत म्हणाले, "पण याने पुस्तक उघडून खात्री केली, हे विसरू नका." सरांनी तर वर्गात त्याचे उदाहरण दिले: चूक झाल्यावर खरा विद्यार्थी कसा वागतो याचे. मी पहिल्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला मुलींच्या बाकावर बसून ते ऐकले. माझे नाव कुठेही नव्हते.

एकदा नळापाशी मी त्याला गाठले. "तुम्ही सरांना सांगितलं नाहीत, पुस्तक कोणी आणलं ते."

"नाय सांगितलं."

"का?"

"लोकांनी काय इचारलं असतं? पोरगी रुळाकडंला तीन पोरांसंगं काय करत व्हती. दारू कुणी केली ती बाजूलाच ऱ्हायली असती." त्याने ओंजळभर पाणी तोंडावर मारले. "आनि पाच हप्त्यांचं पन निगालं असतं."

तो म्हणाला ते सर्व बरोबर होते. त्याने मला दोन्हींपासून वाचवले होते, आणि मला त्याच्या या शहाणपणाचाही हेवा वाटला. आता त्याच्याकडे श्रेयही होते आणि ते मला न देण्याचे थोर कारणही होते.

शाळा सुटल्यावर तो आता प्रयोगशाळेऐवजी त्या मित्राला घेऊन शाळेच्या मागच्या पायरीवर बसू लागला. पुढच्या वर्षी मित्राने परीक्षा द्यावी म्हणून तो त्याला भूगोल, इतिहास, शास्त्र मोठ्याने वाचून दाखवी. मी तिथून जात असे. वाचाळाची बडबड कमी झाली होती, पण पुरती थांबली नव्हती. "सावकाश रं," तो म्हणे, "डोळं गेलं, कान अजून हायत." दोघे हसत. ते प्रायश्चित्त माझे होते. तेही त्याने घेतले होते, आणि मला त्या पायरीवर जागा नव्हती.

मग मी शास्त्राची माझी टिपणे एका नव्या वहीत बोरूने उतरून काढायला घेतली. अर्धा इंच उंचीची अक्षरे, एका पानावर सहा-सात ओळी, काळी शाई. स्वतःच्या परीक्षेच्या तयारीतले रोज दोन तास त्यात गेले, आणि ते जाताना मला प्रत्येक तासाची टोचणी लागत होती. वही पुरी झाल्यावर वेष्टणावर नाव घालावे की नाही, यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. लोक काय म्हणतील, हे नळापाशी मला स्पष्ट सांगितले गेले होते. तरीही नाव घातले, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्या मधोमध पायरीवर वही ठेवून न थांबता निघून गेले.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचाळाने मला वर्गाच्या दाराशी अडवले. तो माझ्या चेहऱ्याच्या किंचित डावीकडे पाहत होता. "बाय, तुमचं अक्षर दिसतंय मला," तो म्हणाला. "एका पानाला जरा वेळ लागतोय. पन दिसतंय." मग त्याने वही उघडून माझ्यापुढे धरली. "ह्ये त्यानं इचारलंय तुमाला. बरोबर हाय का बगा म्हनला."

सातव्या पानावर, एका समीकरणाच्या उजव्या बाजूला, पेन्सिलीने एक आकडा खोडून दुसरा लिहिला होता. मी दाराच्या चौकटीला टेकून दोन्ही बाजूंचे अणू मोजले, पुन्हा मोजले. त्याचे बरोबर होते. माझ्या कानशिलांत रक्त चढले, तसेच जसे काचेच्या नळीपाशी चढे. मी वाचाळाला थांबायला सांगितले, वर्गातून दौत आणि बोरू आणला, आणि पेन्सिलीच्या आकड्यावरून त्याचाच आकडा अर्धा इंच उंचीचा, काळ्या शाईने गिरवून दिला.